जोडीदाराच्या मायदेशी स्थलांतर: महाराष्ट्रातून जर्मनीला

पती किंवा पत्नी जर्मन, संसार पुण्यात किंवा मुंबईत, आणि काही वर्षांनी सगळ्या कुटुंबाने जर्मनीत स्थायिक व्हायचे ठरवले, तर हे स्थलांतर नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी होणाऱ्या स्थलांतराहून वेगळ्या नियमांनी चालते. नोकरीवर जाणाऱ्याचा हक्क त्याच्या करारपत्रावर उभा असतो. येथे तो विवाहावर आणि मुलांच्या जन्मावर उभा असतो. त्यामुळे व्हिसा, शाळा, विमा आणि वारसा हे विषय एकमेकांत गुंतलेले असतात, आणि कोणती गोष्ट आधी करायची यावर बरेच काही ठरते.

दोन जोडीदार, दोन सुरुवाती

अशा नियोजनात एक गैरसमज हमखास असतो: एकाला परदेशी जायचे आहे आणि दुसऱ्याला फक्त घरी परतायचे आहे. प्रत्यक्षात दहा-बारा वर्षे भारतात राहिलेल्या जर्मन जोडीदाराकडे मायदेशात ना राहत्या पत्त्याची नोंद असते, ना चालू आरोग्यविमा, ना अलीकडच्या आर्थिक व्यवहारांचा इतिहास. तरीही कायद्याने आणि भाषेने त्याचे पारडे जड असते. भारतीय जोडीदाराचा निवास, प्रत्येक कार्यालयातला संवाद, सुरुवातीचे उत्पन्न, सगळे काही काळ दुसऱ्यावर अवलंबून राहते. हे अवलंबित्व लवकरात लवकर कमी व्हावे, हा नियोजनाचा मुख्य हेतू असायला हवा. पुढील बहुतेक मुद्दे त्याच्याशी जोडलेले आहेत.

निवासाचा आधार

जर्मन निवास कायद्याच्या २८व्या कलमानुसार जर्मन नागरिकाच्या पती-पत्नीला कुटुंब-एकत्रीकरणाचा व्हिसा मिळतो. मात्र जर्मन नागरिकाचा नेहमीचा निवास जर्मनीत असला पाहिजे, किंवा दोघे एकत्रच तेथे स्थायिक होत आहेत हे दिसले पाहिजे. परदेशी नागरिकाच्या जोडीदाराला लागू असलेली पुरेशा उत्पन्नाची अट येथे सर्वसाधारणपणे लावली जात नाही, आणि व्हिसाचे सरकारी शुल्कही माफ असते. पोहोचल्यावर मिळणाऱ्या निवास परवान्यात कोणतेही काम करण्याची मुभा असते.

या हक्काला एक मर्यादा आहे. जर्मनीत तीन वर्षे एकत्र संसार होण्याआधी पती-पत्नी विभक्त झाले, तर भारतीय जोडीदाराचा स्वतंत्र निवासहक्क सहसा निर्माण होत नाही. घरगुती हिंसेसारख्या असह्य परिस्थितीत या मुदतीला अपवाद आहे. आनंदाने निघालेल्या कुटुंबात हा विषय काढणे अवघड वाटते, पण ज्याचा परवाना विवाहावर अवलंबून आहे त्याला ही मुदत निघण्यापूर्वी माहीत असणे न्यायाचे आहे.

भाषेची अट आणि मुलामुळे बदलणारा मार्ग

२००७पासून जोडीदार म्हणून येणाऱ्याला ‘ए-१’ ही प्राथमिक पातळीची जर्मन भाषा येणे आवश्यक आहे. मुंबई व पुणे येथील मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे ग्योथे संस्थेत, तिची परीक्षा होते. तीत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशी चार अंगे असतात.

मूल जर्मन नागरिक असेल तर चित्र बदलते. अल्पवयीन जर्मन मुलाचा पालक म्हणून, त्याच्या संगोपनासाठीही निवास मिळतो, आणि या मार्गाला भाषेची पूर्वअट नाही. म्हणून आधी मुलाचे नागरिकत्व नोंदवून पासपोर्ट काढणे आणि मग पालकाचा अर्ज करणे, हा क्रम अनेकदा सोयीचा ठरतो. अर्थात अट टळली म्हणून भाषेची गरज टळत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे, शाळेत, घरमालकाकडे जर्मनच बोलावे लागते. पोहोचल्यावरच्या एकात्मता अभ्यासक्रमात साधारणपणे ६०० तास भाषेचे आणि १०० तास जर्मनीचा कायदा, इतिहास व समाज यांच्या परिचयाचे असतात. लक्ष्य असते ‘बी-१’ पातळीचे. लहान मूल घरी असलेल्या पालकासाठी या तासांचा वेळ कोठून काढायचा, हे पाळणाघराच्या प्रवेशाशी बांधलेले आहे. पाळणाघराची शोधाशोध म्हणूनच भाषेच्या नियोजनाचा भाग ठरते. वयाच्या पहिल्या वाढदिवसापासून मुलाला दिवसा सांभाळण्याच्या सोयीचा कायदेशीर हक्क जर्मनीत ऑगस्ट २०१३पासून आहे, पण मोठ्या शहरांत जागा मिळायला वाट पाहावी लागते.

कागदपत्रे आणि नावांचा गुंता

सर्वाधिक वेळ येथे जातो. महाराष्ट्राच्या रीतीप्रमाणे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. पासपोर्टवर ते व्यक्तीच्या नावाला जोडून एकाच रकान्यात छापले जाते. जर्मन कार्यालय त्याला त्या व्यक्तीचेच दुसरे नाव समजते, आणि मुलीच्या नावात आलेले वडिलांचे नाव पुढच्या प्रत्येक नोंदीत तिचे स्वतःचे म्हणून उतरते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत जन्मदाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि पदवी तिसऱ्याच क्रमाने, अशी स्थिती सर्रास आढळते. भारतात हे चालून जाते. जर्मन नोंदणी कार्यालय मात्र प्रत्येक फरकाचा कागदोपत्री दुवा मागते: विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी किंवा पासपोर्टमधील दुरुस्ती.

जन्मदाखल्याचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या दाखल्यांत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. फक्त तारीख, लिंग आणि आईवडिलांची नावे असतात. शाळा सोडल्याचा दाखला महाराष्ट्रात वर्षानुवर्षे जन्माचा पुरावा म्हणून चालला, पण जर्मनीला मूळ जन्मनोंदीवर आधारलेला दाखला हवा असतो. नाव समाविष्ट करण्याचे काम ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तेथेच होते. एकदा परदेशी गेल्यावर हेच काम मुखत्यारपत्र देऊन नातेवाइकांकरवी करावे लागते.

यानंतर येतो प्रमाणीकरणाचा मुद्दा. भारत २००५ साली अपोस्टील करारात सामील झाला, तेव्हा जर्मनीने त्या प्रवेशाला आक्षेप नोंदवला. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का जर्मनीत पुरेसा मानला जात नाही. अनेक दलाल तो घेण्याचा सल्ला देतात आणि कुटुंबांचे पैसे व्यर्थ जातात. त्याऐवजी जर्मन दूतावास विश्वासू स्थानिक वकिलांमार्फत मूळ नोंदी तपासून घेतो. वकील नोंदवही पाहतो, गरजेप्रमाणे शाळेत किंवा शेजारी चौकशी करतो, आणि या पडताळणीचा खर्च अर्जदाराला द्यावा लागतो. तीत काही महिने जातात. दाखल्यावरचे नाव आणि नोंदवहीतले नाव जुळले नाही तर सगळे पुन्हा सुरू होते. दुरुस्त्या पडताळणीच्या आधी पूर्ण करण्याचे महत्त्व त्यातून येते.

मुलांचे नागरिकत्व

आई किंवा वडील जर्मन असतील तर मूल जन्मतःच जर्मन नागरिक असते, मग जन्म कोल्हापुरात झालेला असो की कोलोनमध्ये. अपवाद दुसऱ्या पिढीचा आहे: जर्मन पालक स्वतः ३१ डिसेंबर १९९९नंतर परदेशात जन्मलेला असेल आणि परदेशातच राहत असेल, तर मुलाच्या जन्मापासून एक वर्षाच्या आत जर्मन नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, अन्यथा नागरिकत्व आपोआप मिळत नाही.

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. मुलासाठी जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घेणे हा रूढ मार्ग आहे. येथे एक व्यावहारिक खाचखळगा आहे. भारतात जन्मलेल्या मुलाला जर्मन पासपोर्टवर देशाबाहेर नेताना ओसीआय, भारतीय व्हिसा किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा निर्गमन परवाना लागतो. तिकिटे काढून झाल्यावर हे कळले तर प्रवास पुढे ढकलावा लागतो.

मुलांचे वय आणि शाळा

कोणत्या वर्षी जायचे, हे ठरवताना पगारापेक्षा मुलांच्या वयाला अधिक वजन द्यावे, असे जर्मन शालेय रचना पाहिल्यावर वाटते. शिक्षण हा तेथील सोळा राज्यांचा विषय आहे. प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चार वर्षांची, बर्लिन व ब्रांडेनबुर्ग येथे सहा वर्षांची असते. त्यानंतर मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियम, मध्यम स्तराची रेआलशुले, व्यवसायाकडे झुकणारी हाउप्टशुले, किंवा सर्वांना एकत्र ठेवणारी गेसाम्टशुले. बव्हेरियात हा निर्णय चौथीच्या गुणांवर होतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमचा मार्ग थेट खुला होतो. तेथे १ हा सर्वोत्तम गुण आहे.

याचा अर्थ उघड आहे. सहाव्या वर्षी पोहोचलेल्या मुलाला भाषा शिकायला चार वर्षे मिळतात, नवव्या वर्षी पोहोचलेल्याला जेमतेम एक. गणितात हुशार मूलही शाब्दिक उदाहरण वाचता न आल्याने मागे पडते, आणि ते मागे पडणे बुद्धीचे म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. गिम्नाझियममध्ये नंतरही जाता येते, परंतु ती वाट लांबची आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला सहा वर्षांची प्राथमिक शाळा असलेले राज्य किंवा जवळपास चांगली गेसाम्टशुले असलेले गाव निवडण्याचा विचार करता येतो. पंधरा-सोळाव्या वर्षी हलणे सर्वांत अवघड. अशा वेळी दहावी पूर्ण करून जावे की आधी, याला सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही.

शालेय वर्षांचा मेळही पाहावा लागतो. महाराष्ट्रात वर्ष एप्रिलच्या सुमारास संपते. जर्मनीत राज्यानुसार ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. मे महिन्यात पोहोचलेल्या मुलाला चालू वर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने परीक्षेच्या ओझ्याविना वर्गात बसता येते, आणि खरे वर्ष सुरू होताना चेहरे ओळखीचे असतात. घरी शिकवण्याची मुभा नाही. शाळेत जाणे कायद्याने बंधनकारक आहे. मार्च २०२०पासून शाळा व पाळणाघर यांसाठी गोवराच्या दोन लसींचा पुरावाही सक्तीचा आहे. भारतातील लसीकरणाचे कार्ड त्यासाठी जपून ठेवावे लागते.

घरातील मराठीचे काय, हा प्रश्न या टप्प्यावर मागे पडतो. शाळा जर्मन, एक पालक जर्मन, आईवडिलांची आपसातली भाषा बहुधा इंग्रजी. अशा घरात मराठी टिकते ती एकाच व्यक्तीच्या सातत्यावर. मराठी पालकाने मुलांशी कायम मराठीतच बोलावे, हे जाण्याआधी ठरवलेले बरे. जर्मन पक्की होईपर्यंत मराठी थांबवण्याचा सल्ला कधी कधी मिळतो. तो मानू नये; घरची भाषा मजबूत असणे नव्या भाषेच्या आड येत नाही.

पदवी आणि काम

भारतीय जोडीदाराला काम करण्याची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण परवानगी आणि पात्रता या भिन्न गोष्टी आहेत. संगणक, व्यवस्थापन, संशोधन अशा क्षेत्रांत मालकाला पटले की पुरते. वैद्यक, परिचर्या, शालेय अध्यापन हे नियंत्रित व्यवसाय आहेत. त्यांत परदेशी पदवीला अधिकृत मान्यता घ्यावी लागते. डॉक्टरसाठी वैद्यकीय जर्मनची परीक्षा आणि शिक्षण समतुल्य न ठरल्यास ज्ञानपरीक्षा असते. ही तयारी वर्षभर किंवा अधिक चालते. पदव्यांचे मूळ अभ्यासक्रम, तासांचे तपशील आणि अनुभवपत्रे महाराष्ट्रातील विद्यापीठांतून काढून घेणे हे निघण्यापूर्वीचे काम आहे.

वाहन परवान्याचेही तसेच. भारतीय परवाना निवास सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. खेड्यात घर घेतल्यास गाडीविना नोकरी शोधणे कठीण जाते, म्हणून हा लहानसा वाटणारा मुद्दा स्वावलंबनाशी जोडलेला आहे.

घर, नोंदणी आणि त्यावर अवलंबून असलेले सारे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचे लेखी पुष्टिपत्र त्यासाठी आवश्यक असते. या नोंदीवरून करक्रमांक टपालाने येतो, आणि बँक खाते, निवास परवाना, मुलांचा भत्ता, शाळाप्रवेश ही पुढची कामे तिच्यावरच उभी राहतात. थोडक्यात, घर मिळेपर्यंत काहीच मिळत नाही. आणि घर मिळण्यासाठी पगारपत्रके व शुफा या संस्थेचा पतअहवाल मागितला जातो, जो वर्षानुवर्षे भारतात राहिलेल्या जर्मन जोडीदाराकडेही नसतो. या कोंडीतून सुटण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे सुरुवातीचे काही महिने सासरी किंवा सासरच्या आप्तांकडे राहून तेथला पत्ता नोंदवणे. जोडीदाराच्या मायदेशी जाण्याचा हा खराखुरा लाभ आहे.

भाड्याच्या घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय, सिंकशिवाय मिळतात. तो खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो.

आरोग्यविमा

विमा सर्वांना सक्तीचा आहे. सार्वजनिक व्यवस्थेत मूळ हप्ता उत्पन्नाच्या १४.६ टक्के, अधिक निधीनुसार थोडी वाढ. नोकरदाराचा निम्मा भाग मालक भरतो. न कमावणारा जोडीदार आणि मुले त्याच हप्त्यात समाविष्ट होतात. खासगी व्यवस्थेत प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो. त्यामुळे कुटुंबासाठी पहिली नोकरी कोणाला, कशी मिळते यावर विम्याचे स्वरूप ठरते. वयाच्या ५५ वर्षांनंतर परतणाऱ्याला सार्वजनिक व्यवस्थेत पुन्हा प्रवेश मिळणे फार कठीण असते.

पैसा: दोन्ही देशांतला

कायमचे जाणारी व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते. तिची बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या सामान्य खात्याच्या, प्रकारात बदलावी लागतात. त्यांतून कर भरून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. चालू पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत ठेवता येते, वाढवता येत नाही. जर्मनीत निवास सुरू झाला की जगभरातील उत्पन्न तेथील करकक्षेत येते. दुहेरी करआकारणी टाळणारा करार १९९५चा आहे, परंतु भारतात करमुक्त असलेले व्याज जर्मनीतही करमुक्त असेल असे गृहीत धरता येत नाही. निवृत्तिवेतनाबाबत मे २०१७पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार उपयोगी पडतो. पात्रतेसाठी दोन्ही देशांतला विम्याचा काळ एकत्र मोजला जातो.

मुलांसाठीचा भत्ता, किंडरगेल्ड, २०२५मध्ये दरमहा प्रत्येकी २५५ युरो होता. तो पालकांच्या उत्पन्नावर अवलंबून नाही.

वारसा आणि कौटुंबिक कायदा

पत्ता बदलला की कायदाही बदलतो, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ऑगस्ट २०१५पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार मृत व्यक्तीचा शेवटचा नेहमीचा निवास जेथे होता, तेथील वारसा कायदा तिच्या संपूर्ण मालमत्तेला लावला जातो. भारत मात्र आपल्या हद्दीतील स्थावर मालमत्तेला भारतीय कायदाच लावतो. साताऱ्यातील घर आणि श्टुटगार्टमधील ठेवी असलेल्या कुटुंबात त्यामुळे दोन व्यवस्था समोरासमोर येतात. मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडण्याची सोय तो युरोपीय नियम देतो. तिचा उपयोग करायचा की नाही, हे दोन्ही देश जाणणाऱ्या वकिलाकडून निघण्यापूर्वी समजून घ्यावे.

मुलांच्या ताब्याबाबतही निवास निर्णायक असतो. जर्मनी १९८०च्या बालअपहरणविषयक हेग कराराचा सदस्य आहे, भारत नाही. जर्मनीत घर केल्यानंतर एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीविना मुलांना भारतात आणणे हा तेथे गुन्हा ठरू शकतो.

सामान

किमान बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेल्या कुटुंबाला, किमान सहा महिने वापरलेले घरसामान सीमाशुल्काविना नेता येते. ते पुढचे वर्षभर विकता येत नाही. न्हावा शेवाहून हाम्बुर्गला जाणाऱ्या पेटीत नवी भांडी, नवे फर्निचर भरणे म्हणून शहाणपणाचे नाही. सोबतच्या सामानात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. साजूक तूप त्यातच येते. कुत्रा-मांजर न्यायचे असल्यास रेबीजच्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि त्यानंतर तीन महिने प्रतीक्षा, असा क्रम ठरलेला आहे.

मागे राहणारे आईवडील

जर्मन कायदा कुटुंब म्हणतो तेव्हा त्यात मुख्यतः पती-पत्नी आणि अल्पवयीन मुले येतात. भारतीय जोडीदाराच्या आईवडिलांना कायमचे बोलावणे अपवादात्मक हलाखी सिद्ध केल्याशिवाय शक्य होत नाही. ते शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस येऊ शकतात, तेही प्रवासविमा घेऊन. एकुलत्या एका अपत्याच्या बाबतीत ही मर्यादा सगळ्या योजनेवर सावट धरते, आणि ती नंतर कळण्यापेक्षा आधी घरात बसून बोललेली बरी: आजारपणात कोण जाईल, घराचे व्यवहार कोण पाहील, वर्षाला किती फेऱ्यांचा खर्च झेपेल. बँक, घर आणि न्यायालय यांसाठी एकच सरसकट मुखत्यारपत्र देण्यापेक्षा कामनिहाय स्वतंत्र, मुदतबंद पत्रे करणे सुरक्षित असते.

नागरिकत्वाचा पुढचा निर्णय

तीन वर्षे जर्मनीत निवास आणि किमान दोन वर्षे टिकलेला विवाह या अटींवर, भाषा व उपजीविकेच्या अन्य अटी पूर्ण करून, जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जून २०२४पासून जर्मनी त्यासाठी मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही. भारतीय कायद्याने मात्र ते संपुष्टात येते. पासपोर्ट परत करून ओसीआय घेतल्यावर भारतात ये-जा, वास्तव्य, घरखरेदी हे सारे शक्य राहते. मतदान आणि शेतजमिनीची खरेदी राहत नाही. आधीपासून नावावर असलेली शेतजमीन ठेवता येते, पण विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. ज्या कुटुंबात सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, तेथे वारसनोंद आणि वाटप ही कामे नागरिकत्वाच्या अर्जापूर्वी उरकलेली असावीत.